अकरा सेकंद मागे

बाईंनी स्वतःच्या नवऱ्याच्या घड्याळाला लाल चिठ्ठी बांधली तेव्हा ऑफिसातले सगळे हसले. बाईही हसल्या. त्यांना हसू आलं होतं असं नाही, पण सव्वा वर्षात एक गोष्ट त्यांना जमायला लागली होती. समोरचे हसले की हसायचं, गप्प झाले की गप्प व्हायचं. त्यात चूक होत नाही आणि कुणी फार चौकशा करत नाही.

बाई वजनमापांच्या तपासनीस. किराणा दुकानातला काटा, पेट्रोल पंपाचं मीटर, दुधाची मापं, सोनाराचा तराजू, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. बरोबर असलं की शिक्का, नसलं की लाल चिठ्ठी. रद्द, वापरात ठेवू नये. बत्तीस वर्षांत त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. सख्ख्या दिराच्या दुकानातला काटा त्यांनी भर गर्दीत बंद केला होता, त्यानंतर दीर दोन वर्षं बोलत नव्हता. बाईंना त्याचं काही नाही. काटा किलोमागे ऐंशी ग्रॅम खात होता, मग काय त्याची पाठ थोपटायची?

नवऱ्याचं घड्याळ तसं खाणारं नव्हतं. ते रोज अकरा सेकंद मागे पडायचं, एवढंच. तुम्ही म्हणाल, अकरा सेकंदांनी कुणाचं काय अडलंय! पण त्या घड्याळाने दोन वर्षं नवऱ्याच्या हातावर असताना आठवड्याला चार-पाच सेकंदांपलीकडे कधी चूक केली नव्हती, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. दर रविवारी तो रेडिओच्या टोल्याला घड्याळ लावून बघायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. बाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "चालेल, सोडून देते." तपासनिसाचं लाडात येणं एवढंच असतं.

तो गेल्यावर घड्याळ कपाटाच्या वरच्या फळीवर आलं. पट्टा जोडलेलाच होता, म्हणून ते कडेवर उभं राहायचं. रोज सकाळी केस विंचरून झाले की बाई त्याला चावी द्यायच्या आणि परत उभं ठेवायच्या. का द्यायच्या ते विचारू नका. त्यांनाही सांगता आलं नसतं. झाडांना पाणी घालायच्या, दूध तापवायच्या, तशी चावी द्यायच्या. काही महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की घड्याळ मागे पडतंय. मग त्यांनी रीतसर काम केलं. ऑफिसात जिथे प्रमाण वजनं ठेवतात, त्या कपाटात घड्याळ सात दिवस तसंच उभं ठेवलं. तिथे गारवा सारखा, धक्का नाही, वारा नाही. चावी देण्यापुरतं उचलायचं, बाकी कुणी बोट लावायचं नाही. सात दिवसांचा निकाल, रोज अकरा सेकंद मागे, एक दिवससुद्धा इकडे तिकडे नाही. बाईंनी चिठ्ठी लिहिली, सही केली, दोरा बांधला.

"आता पंचनामा करा," शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, आणि वर सांगितल्याप्रमाणे सगळे हसले.

हे घड्याळ काही दुकानातलं नव्हतं, त्यामुळे थोडं मागे जाऊन सांगायला हवं.

बाईंचा नवरा दात करायचा. म्हणजे खोटे दात, कवळ्या, टोप्या. दातांचे डॉक्टर साचा पाठवायचे आणि हा एका लांबट खोलीत बसून, डोळ्याला भिंग लावून, एकेक दात घासून रंगवून द्यायचा. बारीक कामाचं त्याला वेड. चांगलं काम दिसलं की हा विरघळला. दाराची बिजागरी नीट बसवलेली दिसली तरी हा दारापाशी उभाच. अशा माणसाला कुणीतरी सांगितलं की एक घड्याळजी आहे, एकटाच बसून घड्याळं करतो, दुरुस्ती नाही, अख्खं घड्याळ. चाकं स्वतः कापतो, काटे स्वतः कानशीने घासतो, वर्षाला सात होतात, कधी सहा. झालं! हा गेला आणि नाव नोंदवून आला. सहा वर्षं थांबावं लागेल म्हणाले.

"सहा वर्षांत माणसं घर बांधतात," बाई म्हणाल्या होत्या.

"आपल्याला घर आहे," तो म्हणाला.

सहा वर्षांनी घड्याळ आलं. करडी तबकडी, दोन काटे, खाली सेकंदाचा छोटा. पट्टा साधा, काळा. लेकीने पाहून विचारलं, "बाबा, यात तारीख नाही?" नव्हती. पण मागच्या बाजूला काच होती, आणि तो रोज संध्याकाळी ते उलटं करून भिंगाने बघत बसायचा. बाईंनाही बोलवायचा. "हा कोपरा बघ. आतल्या बाजूचा. मशीन इथे पोचत नाही, मशीनने केला तर गोल होतो. हा टोकदार आहे, म्हणजे हाताने केलाय. या एका कोपऱ्याला अर्धा दिवस गेला असेल." बाई भिंगातून बघायच्या. पोलादाची एक पट्टी होती, ती एकदा काळीभोर दिसायची आणि मनगट जरा कललं की पांढरीशुभ्र. खाली तोल सांभाळणारं चाक पुढे मागे फिरायचं, त्याच्या कडेला चार चिमुकले स्क्रू. बाईंनी आयुष्यात पुष्कळ नाजूक तराजू पाहिले होते, पण असं काही पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "स्वच्छ आहे." तो दिवसभर खूश होता.

मग एका दुपारी, कामाच्या टेबलाशी बसल्या बसल्या, तो गेला. हृदय. डावा हात टेबलावर तसाच होता आणि घड्याळ चालू होतं, असं त्याच्या सोबत्याने सांगितलं. त्याने ते पाकिटात घालून आणून दिलं. बाईंनी पाकीट घेतलं, सही कुठे करायची म्हणून विचारलं. सही कुठेच करायची नव्हती.

त्यानंतर बाईंना काही वाटेनासं झालं. रडूबिडू येईना. लोकांनी वाट पाहिली, आज येईल, उद्या येईल. आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कपडे देऊन टाकले, चष्मे देऊन टाकले, त्याच्या बाजूची उशी धुऊन ठेवून दिली. कागदपत्रं एका फाइलीत लावून टाकली. चौथ्या आठवड्यात कामावर हजर. एका दुकानदाराने हळहळून विचारलं, "बाई, सावरलात का?" बाई म्हणाल्या, "तुमचं पाच किलोचं वजन आणा बघू." ते वजन तळाशी पोखरलेलं निघालं.

लेक मात्र हे पाहून आतल्या आत धुमसत होती. तिचं बापावर फार प्रेम. ती आली की घरात फिरायची, रिकाम्या खुंट्या बघायची आणि ओठ घट्ट मिटायची. एकदा बाई तिला म्हणाल्या, "ते घड्याळ तूच घेऊन जा. इथे नुसतं पडलंय." त्या मनापासून म्हणाल्या, पण ज्या आवाजात त्यांनी शर्ट देऊन टाकले होते त्याच आवाजात म्हणाल्या. लेकीचा चेहरा उतरला. तिने घेतलं नाही.

आता लाल चिठ्ठी बांधली म्हणजे पुढचं पाऊल दुरुस्ती. बाईंनी घड्याळासोबत आलेल्या पुस्तिकेच्या मागे लिहिलेला नंबर फिरवला. पलीकडून घड्याळजी स्वतःच बोलले. आवाज कोरडा, माणूस घाईतला. बाईंनी घड्याळाचा क्रमांक सांगितला आणि बिघाड सांगितला.

"बिघडलेलं नाही," ते म्हणाले. "घालतंय कोण?"

"कुणी नाही. ते गेले. सव्वा वर्ष झालं."

मग ते म्हणाले, "मला कळलं नव्हतं. मग अकरा सेकंद कुठून काढलेत?"

बाईंनी कपाट, सात दिवस, गारवा, सगळं सांगितलं. कुणी हात लावला नाही हेही सांगितलं, जरा अभिमानानेच.

"बाई, हातात घालायची वस्तू. ती तुम्ही हात न लावता तपासलीत?"

तराजूवर काही तपासायचं असलं की आधी सगळ्यांनी हात मागे घ्यायचे, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. तो इथे उलटा पडेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. बत्तीस वर्षांत कुणी त्यांच्या तपासणीत खोट काढली नव्हती.

घड्याळजींनी मग थोडक्यात सांगितलं. घड्याळ उभं असलं की एक चाल, आडवं असलं की दुसरी. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी चौदा दिवस एक साधं घड्याळ घालायला देतात आणि सोबत एक कार्ड, दिवसभरात हात कधी कसा असतो ते लिहायला. त्यावरून ते तोलाच्या चाकाचे स्क्रू असे बसवतात की त्या माणसाच्या दिवसात एकीकडे पुढे गेलेलं दुसरीकडे मागे येऊन फिटेल. ते घड्याळ त्या एकाच माणसाच्या हातावर बरोबर चालतं. "तुम्ही घालणार असाल तर घेऊन या, तुमच्यावर लावून देतो. घालणार नसाल तर चावी देणं बंद करा. फळीवर ठेवण्यासाठी मी घड्याळं करत नाही."

"घालेन," बाई म्हणाल्या. चुकीचं माप घरात ठेवायचं नाही, एवढाच त्यांचा विचार होता.

त्यांनी हे लेकीला फोनवर सांगितलं, सहज, बोलण्याच्या ओघात. आणि तिथे ठिणगी पडली.

"आई, म्हणजे ते स्क्रू फिरवणार? बाबांचे?"

"स्क्रू घड्याळाचे आहेत."

"परत पूर्वीसारखे बसवता येतात?"

बाईंनी तेही विचारलं होतं. "अगदी तसेच नाही येत म्हणाले. जवळपास येतात."

लेकीचा आवाज चढला. मग म्हणाली, "घरात त्यांचा एक रुमाल ठेवला नाहीस तू. आता त्यांचा हात कसा हलायचा तेवढं एका वस्तूत शिल्लक आहे, तर तेही पुसून टाक. तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

बाई खरं तेच बोलल्या. "नाही वाटत. काय करू?"

लेकीने फोन ठेवला. बाई फोन हातात धरून बसल्या. आपल्याला वाईट वाटायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. कळत होतं, तेवढंच.

शनिवारी दुपारी त्या घड्याळजींकडे गेल्या. सायकलच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, खोली मात्र लख्ख. खिडकीला लागून छातीएवढ्या उंचीचं टेबल, म्हणजे बसलं की काम डोळ्यांसमोर येतं. टेबलाला पुढून कापडी झोळी लावलेली, निसटलेला स्क्रू तिच्यात पडावा म्हणून. भिंतीवर कानशी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लटकवलेल्या. बाईंनी सवयीने सगळं नजरेखालून घातलं आणि त्यांना खोट काढायला काही सापडलं नाही.

घड्याळजी सत्तरीचे, बारीक, कपाळावर भिंग चढवलेलं. त्यांनी घड्याळ घेतलं, लाल चिठ्ठी वाचली, मागेपुढे करून पुन्हा वाचली.

"अशी कुणी बांधली नव्हती आजवर," ते म्हणाले. "सही कुणाची?"

"माझी."

"अक्षर चांगलं आहे." त्यांनी दोरा सोडला, चिठ्ठीची घडी घालून खणात ठेवली.

मग त्यांनी घड्याळ एका यंत्राच्या चिमटीत धरलं. ते यंत्र टिकटिक ऐकून चाल सांगतं. एकेका बाजूने कलतं करून ते आकडे बोलत गेले. उभं, चावीची बाजू खाली, अकरा मागे. उभं, चावीची बाजू वर, नऊ मागे. आडवं, तबकडी वर, सहा पुढे. आडवं, तबकडी खाली, अठ्ठावीस पुढे.

"अठ्ठावीस?" बाई खुर्चीत पुढे सरकल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांना कशात तरी रस वाटला. "एवढा फरक? हे तर सदोष झालं."

"दुसऱ्या कुणासाठी असतं तर मीही हेच म्हणालो असतो. हे मी मुद्दाम केलंय. दोन महिने घातले त्यात. बरं, आधी तुमचं बघू. कार्ड तुम्ही घरी भरालच, पण काही गोष्टी मी तोंडी विचारतो." त्यांनी कोरं कार्ड घेतलं. "कुठला हात?"

"डावा."

"पिशवी कुठल्या हातात?"

"उजव्या. वजनांची पेटी असते."

"लिहिताना डावा हात कुठे?"

"कागदावर. तळवा खाली."

"रात्री घड्याळ काढणार की घालून झोपणार?"

"रात्री कोण घालतं?"

"तुमचे मिस्टर घालायचे." ते उठले, कपाटातून एक चपटा खोका काढला, बोटांनी कार्डं चाळली आणि एक जाड पिवळट कार्ड बाईंसमोर ठेवलं. "हे बघा. असं भरायचं असतं. याच्याइतकं नेटकं दुसऱ्या कुणी भरलं नाही, म्हणून मी हे सगळ्यांना नमुना म्हणून दाखवतो."

बाईंनी ते अक्षर ओळखलं. कवळीच्या डबीवर रुग्णाचं नाव लिहायचं तेच बारीक, सरळ अक्षर. चौदा ओळी, प्रत्येक ओळीत दिवसाचे तुकडे. सकाळी साडेआठ ते एक, टेबलावर, हातात काम, मनगट उभं. एक ते दीड, जेवण. दीड ते सहा, पुन्हा तेच. आणि पुढच्या रकान्यात रात्रीचे सात तास. साडेदहा ते साडेपाच, तबकडी खाली, स्थिर.

"हे वाचून मी त्यांना फोन केला होता," घड्याळजी म्हणाले. "म्हटलं, तुम्ही उलटं लिहिलंय. माणूस झोपेत सात तास तबकडी खाली करून हात स्थिर ठेवत नाही. कुणीच नाही. कूस बदलतो, हात छातीवर घेतो. ते म्हणाले, बरोबर आहे, शेरा वाचा."

शेऱ्याचा रकाना अगदी कडेला होता. बाईंनी चष्मा वर ढकलला.

पहिल्या दिवसापुढे लिहिलं होतं: हात हिच्या डोक्याखाली असतो.

तिसऱ्या दिवसापुढे: हाताला मुंग्या. हलवला नाही, ही जागी होते.

चौथा: तेच. पाचवा: तेच. नवव्या दिवसापुढे: अडीचला ही पलीकडे वळली, हात मोकळा. साडेतीनला परत आली. अकरावा: मुंग्या. उठताना हाताच्या जागी उशी सरकवली. आणि चौदाव्या दिवसापुढे, रकान्यात जागा उरली होती तरी, एकच शब्द: नेहमीप्रमाणे.

बाईंनी कार्ड खालपर्यंत वाचलं आणि पुन्हा वरून सुरू केलं.

झोप लागेपर्यंत आपलं डोकं त्याच्या हातावर असतं, हे त्यांना माहीत होतं. ते तर लग्नापासूनचं. झोप लागली की तो हात काढून घेत असणार, अशी त्यांची समजूत होती. घेणारच ना, कोण सात तास असा पडून राहील? तो साडेपाचला उठायचा, बाई साडेसहाला. त्या उठायच्या तेव्हा डोक्याखाली उशी असायची. सकाळी चहा पिताना तो डावा हात झटकायचा, बोटं उघडझाप करायचा, ते बाईंना दिसत होतं. दिसलं म्हणजे त्या थोड्याच गप्प बसणार! त्यांनी त्याला दोन डॉक्टरांकडे नेलं. फोटो काढले. मानेचे मणके झिजलेत म्हणाले, आणि गळ्याला पट्टा दिला. तो पट्टा त्याने दोन महिने बांधला, उन्हाळ्यात, मान ताठ करून, गळ्याला पुरळ आलं तरी. एक शब्द बोलला नाही. बाई रोज सकाळी पट्टा घट्ट आहे ना ते स्वतः तपासायच्या.

"दोन महिने," बाई म्हणाल्या.

"हो, दोन महिने लागले मला," घड्याळजी म्हणाले. त्यांना वाटलं, बाई घड्याळाचंच बोलतायत. "तबकडी खाली अठ्ठावीस पुढे, आणि दिवसभर उभं असताना मागे. बेरीज शून्य. वेडगळ काम होतं, पण जमलं. बरं, तुमचं सांगा. झोपता कशा? हे मला प्रत्येकाला विचारावं लागतं. पाठीवर की कुशीवर?"

सव्वा वर्षात बाईंना लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. कशा आहात, सावरलात का, एकट्या राहता का, जेवण करता ना. सगळ्याची उत्तरं त्यांच्याकडे तयार होती. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"मी झोपत नाही," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी पेन्सिल थांबवली. "म्हणजे किती?"

"दोन तास. कधी अडीच. खुर्चीत. पलंगावर पडलं की मानेला काहीतरी चुकतं. चार उशा बदलल्या, एक कापसाची, दोन फोमच्या, एक गव्हाच्या कोंड्याची. एकीचीही उंची बरोबर येत नाही. मला वाटलं, वय झालं." हे सगळं त्या सपाट आवाजात बोलल्या, तपासणीचा अहवाल वाचावा तसं. आणि बोलता बोलता त्यांनी हातातलं कार्ड टेबलाच्या कडेला कड लावून ठेवलं.

घड्याळजींनी कोऱ्या कार्डाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. ते काही धीर देणाऱ्यातले नव्हते. त्यांनी कपाळावरचं भिंग काढून ठेवलं आणि कोरं कार्ड परत खोक्यात घातलं.

"मग हे मला लावता येणार नाही," ते म्हणाले. "रात्रच नाही तर दिवसाशी जुळवू कशाशी? झोपायला लागलात की या. तोवर मी याला हात लावत नाही."

"आणि अकरा सेकंद?"

"रात्री मऊ कापडावर पालथं ठेवा. सात तास. बाकी वेळ हातात घाला. चालेल व्यवस्थित." त्यांनी घड्याळ पुसून पुढे केलं आणि जरा घुटमळून पिवळं कार्डही त्यावर ठेवलं. "हेही घेऊन जा. परत आणून द्या मात्र, माझा नमुना आहे तो."

बाई जिना उतरल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या पायरीवरच बसल्या. खालून सायकलच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं. त्यांनी लेकीला फोन केला.

"आई? काय झालं? स्क्रू फिरवून आलीस?" लेकीचा आवाज अजून फणकाऱ्याचाच होता.

"नाही. त्यांनी नाही म्हटलं." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. "तू येतेस का? मी त्यांच्या जिन्यात बसलेय, सायकलच्या दुकानाच्या वर."

लेक वीस मिनिटांत आली, घरातल्या चपलांवर. तिने आधी आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कुठे लागलंय का म्हणून. बाईंनी कार्ड पुढे केलं. लेक एक पायरी खाली बसली आणि वाचायला लागली. वाचताना तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. नवव्या दिवसापाशी ते थांबलं, मग शेवटपर्यंत गेलं.

"म्हणजे तो मानेचा पट्टा," ती म्हणाली.

"हो."

"आई! दोन महिने! त्यांना पुरळ आलं होतं. पावडर मी आणून दिली होती."

"मी रोज घट्ट करायची," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. लेकीने दचकून वर पाहिलं. बाई हसत होत्या. या वेळी समोर कुणी हसत नव्हतं, तरी हसत होत्या. "ताठ मानेने चहा प्यायचा गं. कप वर उचलून. आणि मी सांगायची, बघ, आता मुंग्या कमी झाल्या की नाही. तो म्हणायचा, हो, पुष्कळ फरक आहे."

लेकही हसली. दोघी भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. वरून कुणी उतरत आलं, तर पाय जवळ घेऊन वाट दिली. आणि तो माणूस गेल्यावर बाईंचं हसू थांबलं, पाणी थांबलं नाही.

"मी एवढी मापं तपासली," त्या म्हणाल्या. "रोज रात्री त्याच्यावर डोकं ठेवून झोपायची, आणि मला कळलं नाही. त्याला त्रास होत असेल ना गं?"

लेकीने कार्ड पुन्हा पाहिलं. "झाला असता तर त्यांनी लिहिलं असतं. बाबा शेऱ्यात खोटं लिहिणारे नव्हते. मुंग्याच लिहिल्यात."

बाईंनी पदराने तोंड पुसलं. पुसून झालं तरी पदर तिथेच धरून ठेवला.

"मला तो हवाय," त्या म्हणाल्या. "मला त्याच्याशिवाय झोप येत नाही."

लेक उठून वरच्या पायरीवर, आईच्या शेजारी येऊन बसली. जिना अरुंद होता, दोघींना मिळून जेमतेम जागा होती.

"मलापण हवेत," ती म्हणाली.